यथाकाळी अन्न

(वाचावयाचे शास्त्रभाग : लूक १२:४२-४३, प्रेषितांची कृत्ये ६:१-६)



विश्वासू व शहाण्या कारभाऱ्याविषयी बोलताना प्रभू येशूने त्याची जी खूण सांगितली ती फार साधी आहे. धनी घरी नसता त्याने तिजोरी किती भरली, शेत किती वाढविले, याविषयी तेथे एक शब्दही नाही. घरातील माणसांस त्यांचे अन्न योग्य वेळी मिळाले की नाही, एवढेच तेथे पाहिले आहे. म्हणून या आठवड्यात आपण एका अगदी घरगुती गोष्टीचा विचार करू. ज्या घरी लहान लेकरे आहेत त्या घरी संध्याकाळचे जेवण वेळेवर कसे व्हावे, आणि ते काम कोणाचे?

कोणी म्हणेल, चूल व भाकरी हा काय उपदेशाचा विषय आहे? त्याने याईराच्या मुलीची गोष्ट आठवावी. बारा वर्षांची ती मुलगी मरणातून उठून चालू लागली, तेव्हा तेथे असलेली माणसे विस्मयाने थक्क होऊन उभी राहिली. तिला भूक लागली असेल हे एकट्या प्रभूच्याच ध्यानात आले, आणि तिला काही खावयास द्या अशी त्याने आज्ञा केली. ज्याने मरणावर सत्ता चालविली त्याला लेकराची भूक क्षुल्लक वाटली नाही. मग ती आपणांस क्षुल्लक कशी वाटावी?

आता भिवंडी तालुक्यातील राहनाळ गावाची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. एका अंगास भिवंडीचे यंत्रमाग, दुसऱ्या अंगास ठाण्याच्या रस्त्याने पसरत गेलेली गोदामे. घरधनी मागावर बारा तासांच्या पाळीत आहे. घरधनीण गोदामात माल निवडून व बांधून, अंजूरफाट्याच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढीत सात वाजता घरी येते. दारातच तिची तीन लेकरे तिला बिलगतात. धाकटे कडेवर घे म्हणून रडते, मधले भुकेने किरकिर करते, थोरलीची शाळेची वही कोरीच असते. भांडी घासावयाची आहेत, पाणी भरावयाचे आहे, उकड काढून तांदळाच्या भाकऱ्या थापावयाच्या आहेत. रडणाऱ्याच्या हाती ती एक बिस्किटाचा पुडा व मोबाईल देते आणि चुलीकडे वळते. साडेनऊला ताटे वाढली जातात. तोवर धाकटे बिस्किटावर निजलेले असते, मधले दोन घास घेऊन मान टाकते, आणि नवरा विचारतो, “दिवसभर काय केलेस, की अजून जेवण नाही?” कौटुंबिक प्रार्थनेला मग कोण बसणार? ही एका घराची गोष्ट नव्हे. अशी घरे पुष्कळ आहेत.

याच भिवंडीत दुसरेही एक दृश्य आहे. मुलूख सोडून एकटे आलेले माग-कामगार महिन्याच्या हिशोबाने ज्या खाणावळींत जेवतात, त्यांस येथे भिशी म्हणतात. त्यांपैकी पुष्कळ भिशा बायकाच चालवितात. पाळी सुटते तेव्हा तेथे भात शिजलेला असतो, डाळ उकळलेली असते. तेथील बाईला चार हात आहेत काय? नाहीत. पण किती माणसे जेवणार हे तिला ठाऊक असते, तयारी आधी झालेली असते, आणि एक जण पीठ मळीत असता दुसरा भाजी चिरीत असतो. मुख्य म्हणजे, त्या कामाला तेथे काम म्हणून मान आहे. घरी मात्र तेच काम एकटीवर टाकतो आणि उशीर झाला की तिला आळशी म्हणतो. हा न्याय आहे काय?

आता शास्त्राकडे वळू आणि तीन गोष्टी ध्यानात घेऊ.

पहिली गोष्ट, लेकराची भूक थांबत नाही. मोठ्या माणसाला तासभर कळ काढता येते. लेकराचे पोट लहान. ते एका वेळी थोडेच खाते व लवकर भुकेजते. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत त्याला वरचे अन्न लागते, आणि नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा खाऊ घालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २ ऑक्टोबर १९७५ पासून आपल्या देशात जी अंगणवाडीची योजना चालली आहे तिच्यातून तीन ते सहा वर्षांच्या बालकांस गरम आहार मिळतो. हा मोठाच आधार होय. पण अंगणवाडी दिवसा असते. रात्रीचा घास घरानेच द्यावयाचा आहे. म्हणून सर्वांचे जेवण होईपर्यंत धाकट्यांस तिष्ठत ठेवू नये. वरणभात शिजताच तो मऊ करून, त्यावर थोडे तेल किंवा तूप घालून त्यांस आधी भरवावा. भाकऱ्या मागून होतील. घरधनी आल्यावाचून कोणी जेवू नये ही रीत मोठ्यांनी पाळावयाची तर पाळावी. तिच्यापायी लेकरू उपाशी निजू नये.

दुसरी गोष्ट, उशिरावर उपाय रागावणे हा नव्हे, तर हात वाढविणे हा होय. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत हेच घडले. रोजच्या वाटणीत काही विधवांची हयगय होऊ लागली व कुरकुर उठली. तेव्हा प्रेषितांनी त्या विधवांस धीर धरा असे सांगितले नाही, आणि वाढणाऱ्यांस दोषही दिला नाही. त्यांनी सात माणसे नेमली. बंधूंनो, ते सातही पुरुष होते! त्यांत स्तेफन होता, जो पुढे ख्रिस्तासाठी रक्तसाक्षी झाला. फिलिप्प होता, जो पुढे सुवार्तिक झाला. पवित्र आत्म्याने पूर्ण अशा पुरुषांस अन्नाची वाटणी करणे कमीपणाचे वाटले नाही. अब्राहामाकडे पाहुणे आले तेव्हा त्याने सारेस पीठ मळावयास सांगितले खरे, पण तो स्वतः गुरांकडे धावत गेला. आणि पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर स्वहस्ते निखाऱ्यांवर मासळी ठेवून थकलेल्या शिष्यांस न्याहारीस बोलाविले.

आता आपली स्थिती पाहा. सरकारने २०१९ साली देशभर पाहणी करून लोक आपला दिवस कसा घालवितात ते नोंदविले. सहा वर्षांवरील दर शंभर स्त्रियांत ८१ स्त्रिया दिवसाकाठी बिनमोल घरकाम करीत होत्या. पुरुषांत अवघे २६. काम करणाऱ्या स्त्रीचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचे ९७ मिनिटे. हे आकडे वाचून आम्ही विचारतो, आमच्या घरांत स्तेफन कोठे आहे? पाळीवरून आलेला पुरुष थकलेला असतो हे आम्ही जाणतो. पण गोदामातून आलेली स्त्रीही थकलेलीच असते. त्याने अर्धा तास धाकट्याला खांद्यावर घेतले, पाण्याचे हंडे भरले, कांदा चिरला, तर जेवण लवकर होईल. त्याची पाळी रात्रीची असेल तर निघण्यापूर्वी डाळ-तांदूळ निवडून ठेवणे त्याच्या हाती आहे. सासूबाईंनीही “आमच्या वेळी आम्ही एकटीने केले” असे न म्हणता नातवाला मांडीवर घ्यावे.

मार्थेच्या गोष्टीवरून आपल्या भगिनींस पुष्कळदा दोष लाविला जातो. पण तिची तक्रार काय होती? कामात तिला एकटीला टाकले ही होय. मरीयेने निवडलेला वाटा उत्तम, हे प्रभूचे वचन खरेच आहे. तर घरातल्या सर्वांनी हात लावावा, म्हणजे मार्थेलाही प्रभूच्या चरणांशी बसावयास अवकाश मिळेल. मंडळीच्या वडिलांनीही घरोघरच्या प्रार्थनासभांची वेळ ठरविताना हे पाहावे. ज्या सभेमुळे लेकरे उपाशी निजतात ती सभा अर्धा तास अलीकडे घेणे, किंवा लवकर आटोपणे, हीदेखील देवाची सेवाच आहे.

तिसरी गोष्ट, लेकरांस अडथळा समजू नये. शिष्यांनी बाळकांस आणणाऱ्यांस दटाविले, तेव्हा प्रभूला राग आला. स्वयंपाकाच्या वेळी लेकरू आईजवळ येते ते तिला छळावयास नव्हे; दिवसभर ती त्याला दिसलेली नसते. आल्याबरोबर दहा मिनिटे त्याला जवळ घेऊन बसावे. तेवढ्याने ते पुष्कळ वेळ शांत राहते. मग त्याच्या हाताला त्याच्या वयाजोगे काम द्यावे. दोन वर्षांच्याला वाटी-चमचा, चार वर्षांच्याला मेथीची पाने खुडावयास किंवा वाटाणे सोलावयास, सात वर्षांच्याला ताटे मांडावयास व तांब्या भरावयास. मुलींबरोबर मुलांसही हे काम द्यावे. पाच भाकरी व दोन मासळ्या एका मुलाजवळच होत्या, आणि प्रभूने त्या नाकारल्या नाहीत. मात्र विस्तवाजवळ त्यांस येऊ देऊ नये. चुलीपासून दोन हातांवर रेघ ओढून ती न ओलांडण्याची सवय लावावी; गॅसवरील भांड्याचा दांडा भिंतीकडे वळवून ठेवावा. भाजलेच तर शाई, हळद किंवा दातांचे मलम न लावता वीस मिनिटे साधे थंड पाणी ओतावे आणि दवाखान्यात न्यावे.

राहिली तयारी. नीतिसूत्रांच्या शेवटल्या अध्यायातील सद्‌गुणी स्त्री पहाटेच घरच्यांच्या अन्नाची व्यवस्था लावते. सकाळी निघण्यापूर्वी लसूण सोललेला व भाजी निवडलेली असावी. घरी आल्याबरोबर आधी डाळ-तांदूळ भिजत घालावे, मग हातपाय धुवावे. भिजलेली डाळ लवकर शिजते व सरपण वाचते. आठवड्यात दोन दिवस केवळ खिचडी केली तरी कमीपणा नाही. वेळेवरची खिचडी उशिराच्या पक्वान्नाहून लेकराच्या अधिक कामाची आहे.

बंधूंनो, धनी कोणत्या घटकेस येईल हे आपणांस ठाऊक नाही. तो संध्याकाळी आठ वाजता आपल्या दाराशी आला तर काय पाहील? एकटी स्त्री धुरात डोळे पुशीत आहे, लेकरू उपाशी निजले आहे व पुरुष खाटेवर पडून ओरडत आहे, हे पाहील काय? की सर्वांचे हात कामाला लागले आहेत, लेकरांच्या तोंडी घास आहे, आणि जेवणानंतरच्या प्रार्थनेला लहानथोर सर्व जागे आहेत, हे पाहील? जो दास असे करताना धन्यास आढळेल तो धन्य. आज संध्याकाळपासून आपापल्या घरी आरंभ करा. सर्व प्राण्यांस यथाकाळी अन्न देणारा परमेश्वर तुमच्या घरास साहाय्य करो. आमेन.