वीस अंशांवरचं सत्य

चंडीगडच्या सेक्टर 30 मधल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या इंडो-स्विस प्रशिक्षण केंद्रात 1963 पासून मुलं अचूक यंत्रकाम शिकतात. या कामात उष्णता फार खोड्या करते.

मीटरभर पोलादी पट्टी एका अंशाने तापली की सुमारे 11 मायक्रॉन वाढते. तळहाताच्या उबेनेही गेज ब्लॉक, म्हणजे लांबी मोजण्याचा प्रमाण ठोकळा, फुगतो. म्हणून मोजण्याआधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. जगभर मापं 20 अंश सेल्सिअसला धरली जातात.

मग पट्टीची खरी लांबी कोणती?

जैनांचा स्याद्वाद हा सिद्धांत म्हणतो, कोणतंही विधान एका अपेक्षेने, एका विशिष्ट दृष्टीने खरं असतं. म्हणजे वाट्टेल ते चालतं, असं नव्हे. तापमान सांगितलं की लांबी पक्की होते आणि कारागिराची चूकही पकडता येते. तापमान बदललं, तर फरक किती पडेल याचंही गणित मांडता येतं.