तित्तराची चव आणि यजमानाचे उत्तरदायित्व

भातकुली परिसरात भल्या सकाळी शेताच्या धुऱ्यावरून तित्तराची खणखणीत हाक ऐकू येते. पूर्णेच्या खोऱ्यातील ह्या खारपाणपट्ट्यात झाडी विरळ. परंतु कापूस-तुरीची शेते, मधले गवत आणि बाभळी-बोरींची झुडपे एवढे ह्या पक्ष्याला पुरते. वऱ्हाडात त्याच्या रश्श्याचे कौतुक जुने आहे. वजनाने तो पाव किलोहून थोडा अधिक, अंगावर चरबी नाममात्र. मांस कोरडे पडू नये म्हणून ते तेलात परतून, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर शिजवावे लागते. एका पक्ष्यात एका माणसाचेही पोट नीट भरत नाही. तरीही पाहुण्याच्या ताटात तित्तर वाढला की यजमानाची मान उंचावते. पोट न भरणाऱ्या अन्नाला एवढा मान कशासाठी, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

भूक आणि हौस ह्यांत भेद आहे. भूक पोट भरल्यावर थांबते. हौसेला पोट नसल्यामुळे ती थांबत नाही. गणना ह्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोकांना मान्ना मिळत होता. तरी मांसाची आस धरून ते रडू लागले. लावे पक्ष्यांचे थवे तळाभोवती आले आणि लोकांनी त्यांचे ढीग रचले. अखेर त्या जागेला वासनेच्या कबरी असे नाव पडले. मात्र पवित्र शास्त्र मांसाहाराचा निषेध करीत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात घरट्यातील पिले नेण्याची मुभा आहे. पण आईला सोडून द्यावे, अशी आज्ञा आहे. घ्यावे, परंतु मूळ उपटू नये, हा त्यातील विवेक होय.

तो विवेक सुटला की काय होते, हे तणमोराने दाखविले. पावसाळ्यात नर तणमोर मादीला आकर्षित करण्यासाठी गवतावर उंच उड्या घेतो. नेमक्या त्याच विणीच्या काळात बंदूकधारी हौशी शिकाऱ्यांनी त्याला टिपले. पुढे गवताळ रानेही आटली. २०२१ पासून तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त गणला जातो. तित्तर आजही पुष्कळ आहेत, मग चिंता कसली, असे कोणी म्हणेल. परंतु हौसेचा स्वभाव असा की वस्तू दुर्मीळ होताच तिची किंमत चढते आणि शोध अधिक नेटाने सुरू होतो.

दोष कोणाचा? बोट चटकन फासेपारध्याकडे वळते. पाळलेल्या तित्तराची हाक ऐकवून रानातल्या भांडखोर नराला फासाकडे आणण्याची त्याची विद्या पिढीजात आहे. ह्या समाजावरील गुन्हेगार जमातीचा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला. लोकांच्या मनातून तो पुरता गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे आणि ती सर्वांनी पाळलीच पाहिजे. पण फास टाकणारा पोटासाठी टाकतो. गुपचूप पैसे मोजणारा जिभेसाठी आणि प्रतिष्ठेसाठी मोजतो. पकडला गेल्यास तुरुंगात पहिला जातो आणि दुसरा हात धुऊन पानावरून उठतो. आमच्या मते नैतिक भार ह्या दुसऱ्यावर अधिक आहे. कारण त्याला पर्याय आहे.

पर्याय ताटातही आहेच. जपानी लावा १९७४ मध्ये भारतात आणला गेला आणि त्याचे पालन सर्वत्र होऊ लागले. घरची कोंबडी तर वऱ्हाडी रश्श्याला कधीच कमी पडली नाही. त्यात रानाची चव नसेल. परंतु पाहुणा आपल्या घरी चवीसाठी येतो की आपल्यासाठी? आदरातिथ्याचे मोल ताटातील दुर्मीळतेवर ठरू लागले, तर ज्या गरिबाच्या घरी भाकर आणि ठेचाच आहे, त्याच्या पाहुणचाराला आपण हलके ठरवितो. येत्या लग्नसराईत कोणी आडून तित्तराची गोष्ट काढली, तर घरच्या कर्त्यांनी ती तेथेच थांबवावी. आणि दारी काम मागत आलेल्या पारध्याला पक्षी न मागता काम द्यावे.