कुंडीतला वाफसा



धर्मग्राम कार्यालयात येणाऱ्या बहुतेकांनी दाराजवळच्या टेबलाशेजारी ठेवलेले झाड पाहिले असेल. कोणी बाप्तिस्म्याचा दाखला घ्यायला येतो, कोणी मृतांसाठी मिस्सा सांगायला. बाकावर बसून आपली पाळी येईपर्यंत माणसे त्या झाडाकडे पाहत असतात. त्याला पीस लिली म्हणतात. गेल्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला एका कुटुंबाने ते भेट दिले, तेही पांढऱ्याशुभ्र चिनीमातीच्या कुंडीसकट.

नाव लिली असले तरी ते लिलीच्या घराण्यातले नाही. ते आपल्या अळूच्या कुळातले आहे. ज्याला आपण पांढरे फूल म्हणतो, तेही खरे तर फूल नव्हे, एक बदललेले पान असते. खरी फुले अगदी बारीक, त्या पानाच्या कुशीत उभ्या असलेल्या दांड्यावर दाटीवाटीने बसलेली. मूळचे हे झाड मुख्यतः अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातले. तिथल्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. म्हणूनच आमच्या कार्यालयाच्या अंधुक उजेडातही ते वर्षभर गुण्यागोविंदाने नांदले.

जुलै महिन्यात मात्र त्याने मान टाकली. पाने कुंडीच्या कडेवरून खाली लोंबू लागली. पाहणाऱ्या प्रत्येकाला एकच वाटे, बिचाऱ्याला कोणी पाणी घातले नाही. सकाळी कार्यालयातल्या बाई तांब्याभर पाणी घालत. दुपारी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर येत, त्या घालत. वेदीसेवकांच्या बाटल्यांत उरलेले पाणी संध्याकाळी त्याच कुंडीत जाई. आणि रात्री जेवण झाल्यावर कार्यालयाचे दार बंद करताना आम्हीही पेलाभर घालत असू. यातला प्रत्येकजण चांगल्या मनाने घालत होता आणि प्रत्येकाला वाटत होते की, आपल्याशिवाय कोणी लक्ष देत नाही. झाड अधिकच कोमेजले, तसे पाणी वाढले. कोणीतरी चमचाभर खतही घातले.

मग एके दिवशी वाडीवाले एक काका आपल्या भावाच्या वर्षश्राद्धाची मिस्सा सांगायला आले. केळी आणि पानवेली यांच्यात त्यांचे आयुष्य गेलेले. टेबलावर पैसे ठेवण्याआधीच त्यांनी कुंडीत बोट खुपसले, बाहेर काढले आणि नाकाशी नेले.

"फादर, ह्याला तहान नाही लागलेली. हे बुडतंय. वाफसा मोडलाय कुंडीचा."

वाफसा हा शब्द वाडीत राबणाऱ्यांना समजावून सांगायला नको. पण आपली पुढची पिढी बँकेत आणि कंपन्यांत गेली, म्हणून सांगतो. जोराचा पाऊस पडून गेल्यावर जमीन नुसता चिखल असते. तिच्यातले जास्तीचे पाणी खाली निचरते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पुन्हा हवा शिरते आणि माती ओलीही राहते, मोकळीही होते. ती अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू वळला पाहिजे आणि तो लाडू खाली टाकला तर फुटला पाहिजे. तोपर्यंत शेतकरी शेतात पाऊल टाकत नाही. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते. त्या पोकळ्यांत सतत पाणीच भरून राहिले, तर मुळांचा श्वास कोंडतो, ती मरतात आणि मग कुजतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. त्यामुळे कुंडी पाण्याने भरलेली असूनही पाने तहानेने मरत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही झाडे सारखीच दिसतात. पाण्यावाचून सुकलेलेही मान टाकते, पाण्यात बुडालेलेही मान टाकते.

काकांनी कुंडी व्हरांड्यात नेली आणि झाड उपसून काढले. तेव्हा कळले की त्या सुंदर कुंडीला तळाशी भोकच नव्हते. खाली चार बोटे काळे पाणी साचले होते आणि त्याला गटारासारखी घाण येत होती. मुळे तपकिरी, मऊ पडलेली. चिमटीत धरून ओढले की वरची साल निघून हाती येई आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरे. पांढरी, टणक अशी पाच-सहा मुळेच शिल्लक होती. काकांनी कात्री स्पिरिटने पुसायला लावली आणि कुजलेले सगळे कापून टाकले. नंतर त्यांनी पानांनाही हात घातला, तेव्हा मात्र आम्हाला राहवले नाही. "ती हिरवी आहेत की हो!" आम्ही म्हणालो. काका म्हणाले, "पाच मुळांनी वीस पानं पोसायची कशी?" तीन पाने ठेवली.

आमची कल्पना होती की आता त्याला मोठी, ऐसपैस कुंडी द्यावी. काकांनी आधीच्यापेक्षा लहान निवडली, मातीची, भोक असलेली. मुळे थोडी आणि माती पुष्कळ असली, तर पाणी पिणारे कोणी नसते आणि माती पुन्हा चिंब राहते. लाल माती, त्यात नारळाचा भुसा, जाड रेती आणि तळाशी विटेचे चार खडे. खत अजिबात नाही. "आजाऱ्याला पुरणपोळी वाढतात का?" एकदा पाणी घालून ते निथळू दिले आणि थेट ऊन येणार नाही अशा खिडकीपाशी कुंडी ठेवली.

"आता किती दिवसांनी पाणी घालायचं?" आम्ही विचारले.

काका थोडे चिडलेच. "दिवस कसले मोजता फादर? बोट घाला. दोन पेरं कोरडी लागली तर घाला, नाहीतर हात मागे घ्या."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा मध्यममार्ग पाठ केला होता. तो म्हणतो, मध्य म्हणजे गणितातली सरासरी नव्हे. दहा मापे अन्न जास्त होते आणि दोन मापे कमी पडते, म्हणून तालीम देणारा सर्वांना सहा मापे देत नाही. मिलो नावाच्या मल्लाला सहा कमी पडतील आणि नवशिक्याला ती जड होतील. परीक्षेत आम्ही यावर चांगली दोन पाने लिहिली होती आणि गुणही चांगले मिळाले होते. कुंडीपाशी मात्र आम्ही आकडाच विचारला.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, आणि ती काही झाडाच्या काळजीने नव्हे.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तिथे एका तरुण बाईचे पती अपघातात अचानक गेले. पदरात दोन मुले. सारा गाव हळहळला. दफनानंतर महिनाभर तिच्या घरी रोज रोझरी झाली. पुढे लहान ख्रिस्ती समूहाने यादीच केली, रोज संध्याकाळी दोन घरांतल्यांनी तिच्याकडे जायचे. कोणी डबा नेई, कोणी प्रार्थनेची पुस्तके, कोणी तिच्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गाला घेऊन जाई. तिला रिट्रीटला पाठवावे असे कोणी सुचवले, तर पैसेही लगेच जमले. आम्ही तिला गायकवृंदात यायला सांगितले. ती आली नाही, तेव्हा मिस्सात वाचन करायला सांगितले. माणसाने दुःख कवटाळून बसू नये, देवाच्या इच्छेपुढे मान तुकवावी, असेही बजावले. इथे 'आम्ही' या शब्दाच्या आड लपता येणार नाही. तो आग्रह गावाचा नव्हता, समूहाचा नव्हता. एकट्या धर्मगुरूचा होता.

हळूहळू ती रविवारी येईनाशी झाली. आम्ही त्याचा अर्थ लावला की श्रद्धा डळमळली आहे. म्हणून आणखी माणसे पाठवली. नवव्या महिन्यात ती मुलांना घेऊन आपल्या भावाकडे मुंबईला निघून गेली. जाताना भेटली नाही. त्याचे आम्हाला थोडे वाईट वाटले आणि खरे सांगायचे तर रागही आला. एवढे करून शेवटी हे!

गेल्या वर्षी मे महिन्यात एका लग्नात ती भेटली. मुले मोठी झाली आहेत. तिथल्या चर्चमध्ये ती दर रविवारी जाते. आम्ही विषय काढला नव्हता, तिनेच काढला, तोही न रागावता. "फादर, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी खूप केलं. पण त्या घरात मला एकदाही एकटीनं रडायला मिळालं नाही. दार वाजायचं आणि मी डोळे पुसायचे." थोडे थांबून ती म्हणाली, "ह्यांचा शर्ट दांडीवर होता. मदतीला आलेल्या कोणीतरी तो धुऊन, घडी करून कपाटात ठेवला. मला तो अजून थोडे दिवस तिथंच हवा होता."

आमच्या हातात जेवणाचे ताट होते. उत्तर नव्हते. क्षमा मागायचेही त्या क्षणी सुचले नाही. ती नंतर पत्र लिहून मागितली.

बंधू-भगिनींनो, पवित्र शास्त्रात ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. इतके उत्तम सांत्वन क्वचितच कोणी केले असेल. नंतर त्यांनी तोंड उघडले आणि अध्यायामागून अध्याय ईयोबाला उपदेश केला. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर.

आणि एलिया संदेष्टा? राणी ईजबेलच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागू लागला. कार्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा हा माणूस. आमच्यासारखा कोणी तिथे असता तर त्याने संदेष्ट्याला धैर्याचे दोन शब्द ऐकवले असते. देवाने दूताच्या हाती भाकर आणि पाणी पाठवले. एलिया उठला, खाल्ले आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिले, पुन्हा उठवले, पुन्हा खाऊ घातले. तू इथे काय करतोस, हा प्रश्न देवाने विचारला तो चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगर गाठल्यानंतर. तोवर काहीही विचारले नाही, काही काम सोपवले नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, बरे झाले, आता शोकघरी जायला नको. तसे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या प्रकारची कुंडीही आपल्या धर्मग्रामात आहे आणि ती पहिलीपेक्षा अधिक घरांत आहे. मुले परदेशी, मोठ्या घरात एकटे म्हातारे माणूस, टीव्ही चालू. पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जातो, तेव्हा एका सकाळी बारा घरे होतात. प्रत्येक घरात सात-आठ मिनिटे. काकांनीच त्या दिवशी सांगितले की, नारळाच्या भुशाची माती एकदा पूर्ण सुकली की पाणी धरत नाही. आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि भडाभड ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. वरून पाहणाऱ्याला वाटते पाणी घातले. अशा कुंडीला पाण्याच्या टोपात ठेवून तास-अर्धा तास वाट पाहावी लागते, मग ती सावकाश पिते. आमच्या सात मिनिटांचे बहुधा असेच होत असावे. एका आजींनी कम्युनियन घेतल्यावर आमच्या घड्याळाकडे पाहिले आणि स्वतःच म्हणाल्या, "जा फादर, पुढचं घर वाट बघत असेल."

म्हणून धर्मग्राम परिषदेशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिल्या शुक्रवारची बारा घरे आता आम्ही आणि सहायक धर्मगुरू सहा-सहा वाटून घेऊ, म्हणजे बसायला वेळ मिळेल. चहा ठेवलात तरी चालेल. दुसरे, कोणाकडे मृत्यू झाला तर रोजच्या भेटींची यादी त्या घराला विचारल्याशिवाय करायची नाही. त्या घराच्या माहितीचे एकच माणूस आधी जाईल, बसेल, अंदाज घेईल. भांडी घासायची असतील तर घासेल. दांडीवरच्या कपड्यांना हात लावायचा नाही. यात कोणाला अडचण वाटत असेल, तर रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आम्हाला भेटावे; चूक झाली तर ती सुधारायला हवी, आणि आमच्याकडून ती होऊ शकते हे वर लिहिलेच आहे.

झाडाविषयी विचाराल, तर सहा आठवडे झाले. ठेवलेल्या तीन पानांतले एक पिवळे पडून गळाले. ८ सप्टेंबरच्या मारियामातेच्या जन्मोत्सवाआधी दोन दिवस मधोमध एक हिरवी सुरळी दिसली, काडेपेटीतल्या काडीएवढी. आम्ही काकांना बोलावून दाखवली. त्यांनी बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "अजून काही बोलू नका."

कुंडीवर आम्ही एक चिठ्ठी लावली आहे: कृपया पाणी घालू नये, आधी विचारावे. मंगळवारी सकाळी कार्यालय उघडले, तेव्हा चिठ्ठी ओली झाली होती.

तुमचे धर्मगुरू