ओलं सरपण आणि लिंगझी

धूर दिसला की अग्नी आहे हे अनुमान खरं. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे खोटं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. अशा लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तार्किक, ‘उपाधी’ म्हणतात. मधुमेहावर औषधी अळंबी चालते, हा दावा मला याच कसोटीवर घासून पाहावासा वाटतो. चीनच्या ताओ परंपरेत लिंगझी ही अळंबी दीर्घायुष्याची खूण मानली गेली आणि ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन ग्रंथाने तिचे गुण सांगितले. आज तिच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर उतरलेली दिसते. पण त्यातल्या कित्येक उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून, मधुमेही केलेलं असतं. माणसाला वर्षानुवर्षांत जडणारा टाइप 2 मधुमेह तसा नसतो. स्ट्रेप्टोझोटोसिनने मारलेल्या पेशी हेच इथलं ओलं सरपण. ऑस्ट्रेलियात टाइप 2 च्या 84 रुग्णांवर लिंगझीची 16 आठवडे चाचणी झाली, काहींना लिंगझीसोबत कॉर्डिसेप्स ही बुरशीही दिली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ना एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) सुधारलं, ना उपाशीपोटीची साखर.

परंपरेला परक्या फूटपट्टीने का मोजता, असं कुणी विचारेल. पण ही फूटपट्टी परकी नाही. आयुर्वेदाची चरकसंहिता आप्तोपदेशाच्या शेजारीच प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती मांडते. शिवाय आप्त म्हणजे ज्याने जाणलं आणि मग सांगितलं तो. त्या चिनी ग्रंथकारांपुढे रक्तातल्या साखरेची मोजणी नव्हतीच. साखर उतरवण्याचा दावा त्यांच्या तोंडी घालणं हा मला त्यांचा अनादर वाटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची वाटही गॅलेगा या वनस्पतीपासूनच सुरू झाली ना? झाली. पण त्या वनस्पतीतलं ग्वानिडिन विषारी निघालं, त्याच्या जवळची संयुगं घडवावी लागली, आणि झां स्टर्न यांनी 1957 मध्ये माणसांवरचे परिणाम मांडले तेव्हा कुठे औषध उभं राहिलं.

अळंबीचं दार मी बंद करत नाही. तैवानमध्ये 72 जणांच्या चाचणीत 12 आठवडे अ‍ॅगारिकस ब्लाझेई ही दुसरी अळंबी घेणाऱ्यांचा इन्सुलिन-प्रतिरोध घटल्याचं 2007 मध्ये नोंदलं गेलं. मात्र ते सगळे मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड ही मधुमेहाची औषधं घेतच होते. म्हणजे पुरावा आहे तो ‘औषधासोबत’चा, विकली जाते ती आशा बहुतेकदा ‘औषधाऐवजी’ची. आणि टाइप 1 च्या रुग्णाने तिच्या भरवशावर इन्सुलिन सोडलं, तर काही दिवसांतच त्याचं रक्त आम्लधर्मी होऊन जीव धोक्यात येतो.