नक्कल किती, नफा किती?

मे 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्यूरीने सॅमसंगने अ‍ॅपलला सुमारे 53 कोटी 90 लाख डॉलर द्यावेत, असा कौल दिला. त्या रकमेची फोड पाहण्यासारखी आहे. गोलसर कोपऱ्यांचा काळा दर्शनी भाग, त्याभोवतीची कड आणि पडद्यावर ओळीने मांडलेली रंगीत चिन्हे या तीन डिझाइन पेटंटांपोटी 53 कोटी 33 लाख. यादीच्या टोकाशी पोचल्यावर पडद्याने हलकेच उसळी घेणे आणि टिचकी मारताच मजकूर मोठा होणे, या दोन तांत्रिक पेटंटांपोटी जेमतेम 53 लाख. शोधापेक्षा रूप शंभरपट महाग!

याचे कारण ज्यूरीच्या लहरीत नाही, कायद्यात आहे. तांत्रिक पेटंटचा भंग झाला, तर अमेरिकी कायदा नुकसानभरपाई, निदान वाजवी रॉयल्टी देतो. डिझाइन पेटंट असेल, तर भंग करणाऱ्याचा त्या वस्तूवरचा 'एकूण नफा' मागता येतो. या तरतुदीचा उगम गालिच्यांच्या खटल्यांत आहे. नक्षीची नक्कल सिद्ध होऊनही 1885 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या पदरात 6 सेंट टाकले. नफ्यातला कोणता वाटा नक्षीमुळे, हे त्याला दाखवता आले नव्हते. त्यावर 1887 मध्ये संसदेने सगळाच नफा देऊ केला. गालिचा नक्षीवर खपतो, तेव्हा हे पटण्याजोगे होते. फोन घेणारा मात्र बॅटरी, कॅमेरा, वेग, किंमत असे बरेच काही पाहतो.

हा पेच 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्या. सोनिया सोटोमायोर यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालाने ठरवले, की 'वस्तू' म्हणजे अख्खा फोनच असे नाही, त्यातला सुटा भागही असू शकतो. तो भाग ओळखायचा कसा, याची कसोटी मात्र दिली नाही. म्हणून 2018 च्या त्या फेरसुनावणीत अ‍ॅपलने शंभर कोटींच्या वर मागितले आणि सॅमसंगने 2 कोटी 80 लाख पुरेत म्हटले. आधीच्या निकालातली, सर्वोच्च न्यायालयापुढे वादात असलेली डिझाइनपोटीची 39 कोटी 90 लाखांची रक्कम कमी होण्याऐवजी वाढली. पुढच्याच महिन्यात दोघांनी तडजोड केली.

नुसती रॉयल्टी आकारली, तर पकडले गेल्यावरही नक्कल करणारा प्रामाणिक परवानाधारकाइतकेच भरतो. मग परवाना घ्यायचा कोणी, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यासाठी वेगळे हत्यार आहेच: भरपाई तिपटीपर्यंत वाढवण्याचा न्यायाधीशांचा अधिकार. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 मधल्याच 'हॅलो' निकालाने तो जाणूनबुजून केलेल्या, निलाजऱ्या भंगासाठी मोकळा केला. तिथे हेतू तपासला जातो. 'एकूण नफा' मात्र हेतू न विचारताच शिक्षा करतो आणि तिला भरपाई म्हणतो.

आपल्या 1970 च्या पेटंट कायद्यात भरपाई किंवा नफ्याचा हिशेब यांपैकी एकच निवडावे लागते आणि पेटंटची कल्पनाच नव्हती, असे सिद्ध करणाऱ्याला दोन्हींतून सूट मिळते. हेतूचे भान कायद्यात आहे. आता रकमाही मोठ्या होत आहेत: 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेटंटभंगापोटी एरिक्सनला फोन बनवणाऱ्या लावाकडून 244 कोटी रुपये देववले. अशा वेळी मोजमाप भागाचे आणि शिक्षा हेतूची, हे दोन हिशेब न्यायालयांनी निकालपत्रात वेगवेगळे मांडले पाहिजेत. ते एकत्र झाले, की रक्कम का ठरली हे हरणाऱ्याला कळत नाही आणि पुढच्या उद्योजकाला त्यातून काही शिकताही येत नाही.