फाशी दूरचित्रवाणीवर दाखवावी काय?



वर्षावासातील एका रात्रीची गोष्ट सांगतो. माणगाव तालुक्यातील एका लहानशा बुद्धविहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. (आपले हे माणगाव रायगड जिल्ह्यातले. १९२० च्या परिषदेचे माणगाव कोल्हापूरकडचे. नवे वाचक नेहमी घोटाळा करतात म्हणून सांगितले.) अंगुलिमालाच्या धम्मदीक्षेचा भाग वाचून झाला आणि एक तरुण उठून उभा राहिला. त्याने थोड्याच दिवसांपूर्वी कुटुंबासह दीक्षा घेतली आहे. तो म्हणाला, “काका, अंगुलिमाल त्या काळचा. आजच्या नराधमांना भरचौकात फाशी द्यावी आणि टीव्हीवर साऱ्या देशाला दाखवावी. एकदा दाखवली की बसेल वचक.” त्या आठवड्यात एका लहान मुलीवरील अत्याचाराची बातमी घरोघर पाहिली गेली होती. बाया म्हणाल्या, “पोरगं खोटं नाही बोलत.” मी काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही. म्हणून आज हे लिहीत आहे.

प्रथम हे लक्षात घ्या की ही कल्पना नवी नाही. नवे आहे ते फक्त यंत्र. रायगडावर जाणाऱ्या प्रत्येकाला टकमक टोक दाखवतात. तेथून गुन्हेगारांचा कडेलोट होत असे, असे सांगतात. सहलीला आलेली पोरे कठड्यापाशी जाऊन खाली वाकून पाहतात आणि हमखास विचारतात, “पडताना माणूस ओरडत असेल का?” पोरांना दोष कशाला द्यायचा? मोठी माणसेही तेच पाहत असतात, फक्त विचारत नाहीत. १७९१ साली पुण्यात घाशीराम कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचून मारले, ते हजारोंच्या डोळ्यांदेखत. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईच्या मैदानावर इंग्रजांनी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिले, तेही सर्वांसमक्ष. वचक बसावा, हाच दोन्ही वेळचा हिशेब.

आता माणगावहून महाडला या. ज्या महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, त्या महाडात. ती का जाळली, असे विचारले तर आपण अस्पृश्यतेचे आणि स्त्रियांच्या दास्याचे नियम सांगतो. ते बरोबरच आहे. परंतु तिच्या नवव्या अध्यायात राजाला आणखी एक सल्ला दिला आहे. बंदिगृहे राजमार्गालगत बांधावीत, म्हणजे यातना भोगणारे आणि विद्रूप झालेले गुन्हेगार येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहतील! त्या काळी दूरचित्रवाणी नव्हती. राजमार्ग हीच दूरचित्रवाणी होती. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की इतर वर्णांना जेथे देहान्त शिक्षा, तेथे ब्राह्मणाचे फक्त मुंडन करावे. हे दोन नियम एकत्र वाचा. त्या राजमार्गावर कोणाचे देह दिसत राहणार होते, ते वेगळे सांगायला हवे काय? ज्या ग्रंथाची आपण राख केली, त्यातील मागणी आपल्याच तरुणाने विहारात उभे राहून करावी, याचे मला वाईट वाटले. पण त्या पोराचा राग खोटा नव्हता, हेही तितकेच खरे.

तथागतांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे समजू नका. दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे. त्यातली हकीकत अशी. एका राजाने राज्याचे रक्षण केले, परंतु निर्धनांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले आणि चोरी सुरू झाली. पहिल्या चोराला राजाने चरितार्थासाठी पैसे दिले. ते ऐकून दुसरे चोरी करू लागले. तेव्हा राजाने पवित्रा बदलला. एका चोराचे हात पाठीमागे बांधले, डोके भादरले, कर्कश नगारा वाजवत त्याला गल्लोगल्ली फिरवले आणि नगराच्या दक्षिणेस नेऊन त्याचा शिरच्छेद केला. म्हणजे आज जे मागितले जाते ते सर्व त्याने केले. मग काय झाले? चोऱ्या थांबल्या काय? लोकांनी तीक्ष्ण शस्त्रे घडवली. राजा चोरांची मुंडकी उडवतो, मग आपणही ज्यांना लुटायचे त्यांची मुंडकी उडवू, असे ते म्हणू लागले. गावे लुटली गेली, माणसांचे आयुष्य घटत गेले. पाहणारे जे शिकले ते कायद्याला भिणे नव्हे. माणूस कसा मारतात, ते शिकले.

हे जुन्या काळचे म्हणून सोडून देऊ नका. ३० डिसेंबर २००६ रोजी सद्दाम हुसेनला फाशी दिली, त्याची मोबाइलवर घेतलेली चित्रफीत जगभर फिरली. पुढच्या काही दिवसांत निरनिराळ्या देशांतून बातम्या आल्या की लहान मुलांनी खेळता खेळता त्या फाशीची नक्कल केली आणि त्यात त्यांचे जीव गेले. आपल्या घरात टीव्ही जेवणाच्या ताटासमोर असतो. मूल मांडीवर असते.

कोणी म्हणेल, “बाबासाहेबांनी तरी कोठे सरसकट अहिंसा सांगितली?” खरे आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्ध भेद करतात, असे बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. अपराध्याला दंड होऊच नये, असे धम्म म्हणत नाही. पण हाच भेद आपल्या प्रश्नाला लावून पाहा. न्यायाधीश म्हणेल, माझ्यापुढे कायदा होता. तुरुंगाधिकारी म्हणेल, माझ्यापुढे हुकूम होता. त्यांचे म्हणणे पटो न पटो, त्यांच्यापाशी सांगायला काही कारण तरी आहे. घरात बसून जो फाशी पाहील, त्याच्यापाशी काय आहे? त्याच्या पाहण्याने मेलेली मुलगी परत येत नाही, खटला पुढे सरकत नाही. त्याला गरज कसलीच नाही. उरते ती फक्त इच्छा. विनयपिटकात एका भिक्खूची नोंद आहे. तो वधस्थानी गेला आणि वध करणाऱ्याला म्हणाला, “याला यातना देऊ नकोस, एका घावात संपव.” दयेपोटी बोलला! तरीही वध करणाऱ्याने त्याप्रमाणे केले तेव्हा त्या भिक्खूला पाराजिक दोष लागला, म्हणजे तो संघातून गेला. आपण उपासक आहोत, भिक्खूंचा विनय आपल्याला लागू नाही. पहिले शील मात्र लागू आहे, आणि ते आपण दर वंदनेला घेतो.

अशोकाचे उदाहरण आपण फार देतो, म्हणून तेही नीट पाहू. अशोकाने देहान्त शिक्षा बंद केली नव्हती. चौथ्या स्तंभलेखात त्याने मृत्युदंड झालेल्यांना तीन दिवसांची सवड दिली, एवढेच. परंतु लोकांनी काय पाहावे, याची त्याला काळजी होती. पहिल्या शिलालेखात त्याने गर्दी-जल्लोषाच्या समाजोत्सवांना मनाई केली. आपल्या कोकणकिनाऱ्यावर सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय हाच आहे की पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात, आणि मी धम्मयात्रेला निघालो.

आता खैरलांजीकडे येतो. ते टाळले तर हा लेख खोटा होईल. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने ठार मारले. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, तेव्हा मला बरे वाटले होते, हे लपवत नाही. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या कारावासावर आणली, तेव्हा मी वर्तमानपत्र फेकून दिले होते. पुढे किती तरी दिवस मी स्वतःला विचारत राहिलो की मला नेमके काय बोचले. दोर गेला हे? की या हत्याकांडात जात होती हे न्यायालयाने मानलेच नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही, हे? मला दुसरे बोचले होते. जगासमोर जे यायला हवे होते ते सत्य होते. सहा देह लोंबकळताना साऱ्या देशाने पाहिले असते, तरी ते सत्य त्यात दिसले नसते. आणि एक विसरू नका. खैरलांजीतही एक जमाव होता.

आता दुसरी बाजू घ्या. २०१६ साली कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तिच्या आईबापांचे दुःख कोणत्याही आईबापांच्या दुःखाहून कमी नाही. फाशीच्या मागणीसाठी लाखांचे मोर्चे निघाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. आरोपी दलित आहेत, हे त्या दिवसांत गावोगाव बोलले जात होते. ती फाशी दूरचित्रवाणीवर दाखवली असती तर? दोरात तिघे असते, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत मात्र अख्खी वस्ती असती. अमेरिकेत शेवटची जाहीर फाशी १४ ऑगस्ट १९३६ रोजी केंटकी राज्यातील ओवेन्सबरो येथे झाली. सुमारे २०,००० माणसे पाहायला जमली होती. दोरात कोण होता? एक काळा तरुण.

आणि न्यायालय चुकले तर? महाराष्ट्रातीलच खटला आहे. २००३ च्या एका भीषण खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे ठरले. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. माझ्या त्या तरुण मित्राच्या म्हणण्याप्रमाणे झाले असते, तर २०१० च्या सुमारास आपण सर्वांनी जेवताना त्या निरपराध माणसांना मरताना पाहिले असते. कदाचित टाळ्याही वाजवल्या असत्या.

कायद्यापुरते सांगायचे तर हा प्रश्न आपल्या देशात एकदा निकालात निघाला आहे. १९८५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने एका फाशीची अंमलबजावणी जयपूरला मैदानात, आधी प्रसिद्धी देऊन करण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला. गुन्हा रानटी असला म्हणून शिक्षा रानटी असू शकत नाही, जाहीर फाशी घटनेच्या २१ व्या कलमाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने सांगितले.

एक आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. शिकलेली माणसे म्हणतात, राज्य आपल्या नावाने माणूस मारते, मग भिंतीआड का? २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात कसाबला फाशी दिल्याचे देशाला नंतर कळले. ३० जुलै २०१५ ला नागपूरला याकूब मेमनच्या वेळी कॅमेरे रात्रभर जागे होते, पण आतले काही दिसले नाही. जे दाखवायला लाज वाटते ते करता कशाला, असे हे लोक विचारतात. हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याचे उत्तर पडदा उघडण्यात नाही. मुलांसमोर जे करता येत नाही ते मुलांच्या माघारी तरी करावे काय, येथे तो प्रश्न आपल्याला आणून सोडतो. बाबासाहेब तेथे फार आधी पोहोचले होते. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशीच्या खटल्यांतील अपिलांवर चर्चा चालली असताना ते म्हणाले की अपिलाच्या तरतुदीपेक्षा देहान्त शिक्षाच रद्द करण्याला मी पाठिंबा देईन. लोक अहिंसा आचरणात आणत नसतील, पण हा देश तिला नैतिक आदेश मानतो, असे त्यांनी कारण दिले.

त्या रात्री विहारातून निघताना एका आजीने मला अडवले. म्हणाली, “तुझं सगळं ऐकलं रे बाबा. पण जिची लेक गेली तिला हे सांगशील का?” मी म्हणालो, “नाही सांगणार, आजी. तिच्याजवळ नुसता बसेन. कोर्टात तारखेला तिच्याबरोबर जाईन.” आजी म्हणाली, “मग तेवढं कर.” पुढच्या रविवारी त्याच विहारात चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचे वाचन ठेवले. वाचायला त्या तरुणालाच बसवले.