शिवारातली नोंद

शेतकरी नवं तंत्र लवकर स्वीकारत नाही, असं परिसंवादांमध्ये फार सहज म्हटलं जातं. असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या बागायती गावात विहिरीवरची मोटारीची पेटी उघडून पाहावी. स्टार्टरशेजारी बऱ्याच ठिकाणी एक छोटा डबा दिसेल आणि त्यात सिमकार्ड असेल. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, अनेकदा रात्रीची. साप-विंचवाच्या भीतीत चिखल तुडवत विहिरीवर जाण्याऐवजी घरूनच फोन लावला की मोटार सुरू होते. हा मोबाईल स्टार्टर पसरला, कारण तो शेजाऱ्याच्या विहिरीवर चालताना दिसला, तालुक्याच्या दुकानात मिळाला आणि बिघडला तर ओळखीच्या वायरमनने उघडून नीट केला. त्यासाठी मेळावे घ्यावे लागले नाहीत.

त्याच्याही आधी ‘ऑटो’ आला होता. वीज आली की मोटार आपोआप चालू. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की भार झेपत नाही आणि डीपी जळतो. मग ऐन पाळीच्या दिवसांत उभं पीक वाळतं. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आली आहे. तरी ऑटो निघत नाही, कारण रात्रीची वीज हे मूळ दुखणं तसंच आहे. शेतीच्या डिजिटल तंत्रज्ञानाबद्दल बोलताना मला मोटारीची ही पेटी आधी आठवते. शेतकरी काय आपणहून घेतो ते तिच्यात दिसतं, आणि व्यवस्थेतली उणीव यंत्राने बुजवायला गेलं की काय होतं, तेही दिसतं.

आता शिवारात येणारी यंत्रं या पेटीच्या फार पुढची आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी उपग्रहाची चित्रं, मातीतले सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची जोड देऊन पाणी-खताचा सल्ला देण्याचा प्रयोग चालवला आहे. २०२५ मध्ये राज्याने कृषी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरणही मंजूर केलं. मी या प्रयोगांच्या बाजूचा आहे. नाशिकच्या द्राक्षबागेत पानावरचा ओलावा मोजणारा सेन्सर काय करू शकतो, याचा विचार केला तरी बाजू घ्यावीशी वाटते. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं, पहाटे दव पडलं की बागायतदाराची झोप उडते. डावणी या बुरशीजन्य रोगाची लागण व्हायला पान काही तास ओलं राहावं लागतं. ते किती तास ओलं होतं हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून भीतीपोटी फवारणी होते. आज केली, परत पाऊस आला, परत केली. त्यात पैसा जातो, फवारणाऱ्याच्या अंगात विष जातं आणि मालात अंश उरतात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, त्याची झळ बागायतदार विसरलेले नाहीत. ‘आज फवारू नका’ एवढं जरी यंत्राने खात्रीने सांगितलं, तरी ते मोलाचं आहे.

प्रश्न त्या खात्रीचा आहे. फवारू नका हा सल्ला ऐकायला मोठं धाडस लागतं. फवारणी केली आणि वाया गेली तर औषधाचे पैसे जातात. नाही केली आणि डावणी आली तर वर्ष जातं, वर सोसायटीचं कर्ज उभंच. सल्ला चुकला तर नुकसान सोसायचं कोणी, हे कुठे स्पष्ट लिहिलेलं असतं? राज्यातला सरासरी शेतकरी २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टरवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांवर उभा आहे. त्याच्याकडे चुकायला जागा नाही. म्हणूनच तो थांबून, शेजाऱ्याचं पाहून मग घेतो. याला मागासपणा म्हणू नये, तो त्याचा हिशेब आहे.

सल्ला निदान नाकारता तरी येतो. नोंद नाकारता येत नाही, आणि मला खरी काळजी तिची वाटते. जळगावच्या केळीचं उदाहरण घ्या. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमानामुळे झालेल्या नुकसानीसाठी बागेतली केळी कोणी येऊन बघत नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात तापमान ठरलेल्या अंशाच्या वर किंवा खाली सलग ठरलेले दिवस राहिलं का, यावर भरपाई ठरते. राज्यात मंडळनिहाय अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं आहेत आणि एका मंडळात अनेक गावं. पाऊस तर बांधाबांधाला वेगळा पडतो. केंद्रावर झाडाची सावली आली, पावसाच्या नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, कोळ्याने जाळं विणलं, तरी आकडा सर्व्हरवर जातच राहतो. तो चुकीचा आहे हे शेतकऱ्याने सिद्ध कसं करायचं? त्याच्याकडे दुसरा आकडा नाही.

ई-पीक पाहणीतही हेच आहे. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करत. ते पुष्कळदा चावडीत बसून सातबारा भरत ही तक्रार खरीच होती. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपवर फोटोसह नोंद करायची पद्धत आली. कल्पना उत्तम आहे. पण शिवारात नेटवर्क नसलं, सर्व्हर अडला, मुदत संपली, की पीक उभं असूनही कागदावर ते पडीक. २०२३च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी जाहीर झालेल्या मदतीला ही नोंद आधी अट होती. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये ती अट काढावी लागली. तलाठ्याची चूक असती तर त्याच्यापुढे उभं राहता येत होतं. ॲप चाललं नाही तर बोट शेतकऱ्याकडेच वळतं.

महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा कागदावर काय लिहिलंय हे न कळणाऱ्या कुणब्याला लेखणीवाले कसे नागवतात, हे तपशिलाने मांडलं होतं. आज त्याच घरातली मुलगी पदवीधर आहे. तिला सगळं वाचता येतं, पण नोंद जिथे होते तिथवर तिचा हात पोचत नाही.

आणि नोंदीत तिचं स्वतःचं नाव कुठे आहे? खुरपणी, वेचणी, फवारणीचं पाणी भरणं हे सगळं बाई करते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो, म्हणून ओटीपी त्यांच्या फोनवर येतो. तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याचंही तसंच. पीक त्याचं आणि नोंद मालकाची. जुन्या दप्तरातला अन्याय डिजिटल दप्तरात जसाच्या तसा उतरला, आणि आता तो अचूक माहिती म्हणून पुढे जातो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या यंत्राच्या आकड्यावर शेतकऱ्याचा पैसा ठरतो, त्या यंत्राची देखभाल कोणाकडे आहे हे ग्रामपंचायतीच्या फलकावर नाव आणि फोन नंबरासह लिहिलेलं असावं. रोजचा आकडा गावाला त्याच दिवशी दिसावा. हरकत घ्यायला मुदत मिळावी आणि तिचा निकाल लेखी यावा. ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर खर्च होणाऱ्या पैशातला थोडा भाग गावातल्या दुरुस्ती करणाऱ्या पोरांना शिकवण्यावर खर्च व्हावा. मोबाईल स्टार्टर टिकला तो अशाच पोरांमुळे.

हे धोरणात यायला वेळ लागेल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. आपल्या मंडळाचं हवामान केंद्र कुठे उभं आहे ते शोधा आणि चार जणांनी मिळून एकदा जाऊन या. कुंपणाबाहेरूनही झाडाची सावली दिसते. फोटो काढा, तारीख टाका, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.